इतर अधिकारातला धूर

गाडी बघायला सकाळी सातलाच या, असं नांदेडच्या विक्रेत्यानं फोनवर बजावलं होतं. "दुपारी लई ऊन असतंय साहेब, तुम्हाला त्रास नको." महिना डिसेंबरचा. डिसेंबरात नांदेडला कसलं ऊन लागतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. उभी नोकरी तलाठी म्हणून काढलेल्या माणसाला तर पडायलाच हवा होता. समोरचा माणूस आपल्या त्रासाची काळजी करू लागला की सातबारा पुन्हा एकदा वाचावा, हे मीच नव्या पोरांना शिकवत आलो होतो. पण गाडी घ्यायची म्हटलं की माणसातला तलाठी रजेवर जातो आणि नवरदेव रुजू होतो.

अंधारातच चुडाव्याहून निघालो. लिंबगावच्या आसपास उजाडलं. गाडी पांढरी, नऊ वर्षांची, चारी काचा खाली. आरशाला मोगऱ्याच्या अत्तराची बाटली, समोर लिंबाच्या वासाची डबी, मागच्या काचेशी केवडा. एवढा वास मी फक्त वरातीत घेतला होता.

"आधीचे मालक शौकीन दिसतात," मी म्हणालो.

"देवमाणूस! सुपारीचं खांड लावलं नाही तोंडाला."

हे मात्र अक्षरशः खरं निघालं. सुपारी ते खात नव्हते.

२९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या. जिल्हा बदलला तरी नंबरपाटी बदलत नाही, म्हणून नांदेडची २६ तशीच राहिली. परभणीच्या २२ ची मला सवय, पण म्हटलं चालेल, सुनेचं माहेर थोडंच पुसता येतं! थंडी होती म्हणून काचा वर केल्या आणि परतीला लागलो. लिंबगाव मागं पडलं आणि मोगरा थकला. चुडाव्याची वेस दिसेपर्यंत केवड्यानंही मान टाकली. मग त्यांच्या मागं इतका वेळ दबा धरून बसलेला तो पुढं आला. जुनाट, चिकट, सिगारेटचा वास. नऊ वर्षांचा.

घरी पोचल्यावर पहिला पंचनामा माझ्याच खिशांचा झाला.

जमीन घेणारं गिऱ्हाईक माझ्याकडे उतारा मागायला आलं की मी त्याला 'इतर अधिकार' या रकान्यावर बोट ठेवून दाखवायचो. मालकाचं नाव कुणीही वाचतं. खरी गोष्ट त्या रकान्यात असते. बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळाचं नाव. त्यात आपल्या मराठवाड्याला १९५० चा हैदराबादचा कूळ कायदा. एकदा संरक्षित कूळ म्हणून नाव लागलं की मालक बदलो, कूळ हलत नाही. गाडीच्या आरसीवर कर्जाचा बोजा तेवढा चढवतात. धुरासाठी रकाना नाही. त्यामुळे खरेदी माझी, ताबा माझा आणि वहिवाट त्याची, अशी ती केस झाली.

पेढे मागायला आलेली मंडळी गाडीत बसू लागली. आमच्या गावात या विषयातले जाणकार पुष्कळ. एकानं डोळे मिटून दोन दीर्घ श्वास घेतले आणि निकाल दिला, "बिडी नाही ही. तेंदूपत्त्याचा वास येगळा. फिल्टरवाली हाय, अन् दिवसाला पाकीट." दुसऱ्यानं त्यात 'पावसाळ्यात काचा लावून' अशी भर घातली. त्या देवमाणसानं कायदा मोडला असंही म्हणता येईना. सार्वजनिक ठिकाणची धूम्रपानबंदी २ ऑक्टोबर २००८ पासून कडक झाली, पण स्वतःची गाडी हे काही सार्वजनिक ठिकाण नव्हे. रेल्वेच्या डब्यात ओढली तर रेल्वे कायद्याच्या कलम १६७ खाली शंभर रुपयांपर्यंत दंड होतो. आमच्या आजोबांच्या पिढीला यातलं काही कळलंच नसतं. १९०० साली निजामाच्या राज्यातून मनमाडला जाणारी लाइन सुरू झाली, तेव्हापासून कोळशाचा धूर इकडच्या धोतरांत मुरलेला. रेल्वेनं पूर्णेला जाऊन आलेला माणूस वासावरून ओळखू यायचा, आणि तो वास काढावा असं कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

आमच्या घरात मात्र आलं. बायकोनं ऊद आणि धूप घातला. धुरावर धुराचा उतारा. संध्याकाळी दार उघडलं तर सिगारेट ओढणारा पुजारी आत बसल्यासारखं वाटलं. आत्या ओट्यावरूनच म्हणाली, "लिंबू फिरव रे गाडीवरून." मी हसलो. लिंबू नजरेला असतं, धुराला नाही, एवढं मला कळत होतं.

मग खायचा सोडा. पुण्यातल्या मुलानं फोनवर सांगितलं, सीटवर पसरायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी झाडून घ्यायचा. किराणा दुकानात दोन किलो मागितला तर दुकानदारानं वजनकाट्यावरचा हात तसाच ठेवला. "पंगत कुणाकडं हाय?" गाडीला लावायचाय म्हटलं, तर तो समजूतदारपणे हसला. दोन दिवस चारपाच घरं भज्यांच्या आवतणाची वाट बघत होती, आणि ते आलं नाही म्हणून एका घरानं अजून अबोला धरलाय.

सोड्यानं थोडा फरक पडला. तेवढ्यात मामा आले.

हे आमचे थोरले मामा, पलीकडच्या गल्लीत राहतात. पन्नास वर्षं बिडी ओढली. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ती बंद केली आणि मामींनी तो हुकूम अमलात आणला. मामा गाडी बघायला आले, पुढच्या सीटवर बसले, दार ओढून घेतलं आणि अर्धा तास उतरले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर पेपर घेऊनच आले.

"मामा, घरात बसा की. इथं काय करायलात?"

"काही नाही, पेपर वाचायलो."

"काच तरी खाली घ्या, जीव घुसमटंल."

"राहू दे. धूळ येतीया."

पेपर उलटा होता. रोज बारा ते दोन हा त्यांचा क्रम ठरून गेला. मी सोडा पसरतोय म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. "कशाला उगं खर्च? गाडी चांगली हाय की." आधीच एक कूळ, त्यात मामा पोटकूळ झाले.

मुलानं मग संशोधन धाडलं. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या लोकांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की सिगारेट विझल्यावरही निकोटिन कापडाला, भिंतीला, प्लास्टिकला चिकटून राहतं आणि हवेतल्या नायट्रस आम्लाशी मिळून कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं तयार करतं. अशी द्रव्यं त्यांना एका सिगारेट ओढणाऱ्याच्या ट्रकच्या केबिनमध्येही सापडली. सॅन डिएगोतल्या दुसऱ्या एका गटानं विकायला काढलेल्या जुन्या गाड्यांतली धूळ तपासली होती. ओढणाऱ्यांच्या गाड्यांना भाव कमी मागितला जातो, असंही त्यांना आढळलं. आमच्याकडं तो भाव मोगऱ्याची बाटली भरून काढते.

आणखी एक गोष्ट त्यातून कळली आणि मी मनातल्या मनात आत्याच्या पाया पडलो. निकोटिन जातीनं अल्कली. त्याला आम्ल भेटलं की त्याचा क्षार होतो, मग ते हवेत उडायचं थांबतं आणि ओल्या फडक्याबरोबर निघून येतं. म्हणजे लिंबूच! फक्त गाडीवरून नाही, आतून फिरवायचं. तेवढी लिंबं परवडेनात म्हणून पूर्णेच्या एका चायनीजच्या गाड्यावरून पांढरं व्हिनेगर आणलं, निम्मं पाणी घातलं आणि फडकं फिरवायला घेतलं. डॅशबोर्ड, दारं, काचा. काचेवरचं फडकं पिवळंजर्द निघालं, हळदीच्या कार्यक्रमासारखं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला तेव्हा कळलं की मुख्य ऐवज तिथं गुंडाळून ठेवला होता. वरचा हातभर पट्टा राखाडी, आतला चहाच्या गाळणीच्या रंगाचा. पुढचे तीन दिवस गाडीत बसलं की मंच्युरियनची भूक लागायची.

उरलेलं काम मिस्त्रीनं केलं. समोरचा खण काढून त्यामागची हवेची जाळी बाहेर ओढली. "नऊ वर्षांत कुणी हात लावला नाही साहेब." ओढणारा माणूस काचा लावून, आतलीच हवा फिरवत एसी चालवतो, मग तो धूर याच जाळीतून आणि मागच्या थंड नळ्यांवरून फिरत राहतो. जाळी नवी टाकली, नळ्या फेसानं धुतल्या. ओझोनच्या मशीनचं त्यानं विचारलं, पण तो वायू फुप्फुसांना वाईट आणि रबराला त्याहून वाईट. एक कूळ काढायला दुसरा गुंड कशाला आणा?

आता वास गेला की नाही, हे ठरवायचं कसं? स्वतःच्या नाकावर भरवसा नाही. ते दहा मिनिटांत फितूर होतं. पण आमच्याकडं यंत्र होतं. जानेवारीच्या शेवटी मामा आले, बसले, पाच मिनिटांत उतरले. "करमत नाही आता," म्हणाले आणि पेपर तिथंच टाकून गेले. फेब्रुवारीत आले नाहीत. मार्चमध्ये नाहीत. मी गावात सांगितलं, कूळ निघालं, फेरफार मंजूर.

जगात जर्मनी, भारतात परभणी असं आम्ही म्हणतो. ज्यानं ही म्हण काढली त्यानं मे महिना धरला नसावा. मे उजाडला, पारा चाळिशी ओलांडून गेला, गाडी दारात उन्हात तापत होती, आणि मी खिडकीतून बघतो तर मामा. काखेत पेपर. चालीत पोराचा उत्साह. दार ओढून घेतलं आणि सीटला मान टेकून वर, छताकडं, कृतज्ञतेनं बघत राहिले.

छत! धूर वर जातो, हे चुलीपुढं वाढलेल्या माणसाला सांगावं लागू नये. आम्ही खालचं सगळं पुसलं होतं आणि नऊ वर्षांचा धूर डोक्यावरच्या कापडात निवांत झोपला होता. थंडीत तो पडून राहतो. गाडी तापली की उठतो. सकाळी सातचा मुहूर्त मला तेव्हा कळला.

त्याच दुपारी मी व्हिनेगरची अख्खी बाटली छतावर फवारली. कापड नुसत्या डिंकानं चिकटवलेलं असतं, त्याला ओल्या फडक्यानं हलकंच टिपायचं असतं, हे संध्याकाळी समजलं. तोवर छत मधोमध सुटून झोळीसारखं खाली आलं होतं. आठ दिवस मी ते टोपरं डोक्यावर घेऊन गाडी चालवली. नवीन कापड बसवायला मिस्त्रीनं जो आकडा सांगितला, त्यात एक बरी म्हैस आली असती. मुलगा म्हणाला, टाचण्या मारा. मारल्या.

मामा मे महिनाभर रोज आले. मामींना अजून वाटतं, त्यांना वाचनाची गोडी लागलीय.

गाडी विकायला काढली आहे. टायर नवे, एसी बर्फासारखा, सीटबेल्ट नुकतेच धुतलेले, छतावर टाचण्यांची कलाकुसर. मालक निर्व्यसनी, सुपारीसुद्धा खात नाही. बघायला यायचं असेल तर डिसेंबरात या आणि सकाळी सातच्या आत या. दुपारी चुडाव्याला लई ऊन असतंय.