उंटाने शेळ्या राखल्या

मॅकमिनव्हिल, ऑरेगन
8 जून

ती. आप्पा आणि सौ. आईस,


पत्रास कारण की, रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या खांद्यामागे आईला जे दिसलं ते गाढव नव्हतं. "अगं, कुणाचं गाढव शिरलंय बघ!" म्हणून ती ओरडली आणि सचिनने "रेंज गेली" म्हणत फोन बंद केला. रेंज होती. त्याचा धीर गेला होता. म्हणून हे सविस्तर पत्र.

तो लामा. त्याच्यामागे नुकतेच कातरलेले दोन काटकुळे जीव उभे होते ते अल्पाका. तिघेही उंटाच्या कुळातले, फक्त पाठीवर वशिंड नाही. अल्पाकाचे कान भाल्याच्या पात्यासारखे सरळ, लामाचे केळ्यासारखे वाकलेले, आणि अंगानेही लामा दुपटीने मोठा.

आता आप्पा विचारणार, कितीला पडले? जवळजवळ फुकट. "फुकट" म्हटलं की तुमचा चष्मा कपाळावर चढतो हे मला माहीत आहे, म्हणून आधी इतिहास सांगते. आपल्याकडे इमू पाळायचं खूळ आलं होतं, आठवतंय ना? अंडी कुणी खाईना, मांस कुणी घेईना, सगळा पैसा पिल्लं पुढच्या भाबड्याला विकण्यात. इथे तेच अल्पाकाचं झालं. 1984 पासून हे प्राणी दक्षिण अमेरिकेतून यायला लागले, आणि पुढे एकेका चांगल्या मादीला लोक दहा-वीस हजार डॉलर मोजू लागले. लोकर विकून तेवढे निघणं शक्यच नव्हतं. डेव्हिसच्या विद्यापीठातल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2007 साली हा फुगा असल्याचं लिहूनही ठेवलं. मग मंदी आली आणि फुगा फुटला. पण फुगा फुटला म्हणून जनावराचा चारा थांबत नाही, आणि हे प्राणी पंधरा-वीस वर्षं जगतात. मालक थकतात, वृद्धाश्रमात जातात, जनावरं कुंपणाशी उभी राहतात. आमचे तिघे असेच एका आजोबांचे. दोन वर्षं अंगाला कातर लागलेली नव्हती.

मला वाटलं, आपण उपकार करतोय. गाडी नेऊ आणि घेऊन येऊ. कसलं काय! अशी जनावरं नव्या घरी देणाऱ्या संस्थेच्या बाई आधी घर बघायला आल्या. माझ्या लग्नाच्या वेळी सचिनच्या आत्याबाईंनी केली नव्हती एवढी चौकशी. जागा किती? (तीन एकर.) कुंपण केवढं उंच? आडोसा आहे का? नखं कोण कापणार? या जनावरांवर उपचार करणारा डॉक्टर किती मैलांवर? मी पोहे केले होते, त्यांनी खाल्ले, छान म्हणाल्या, आणि कुंपणाची तार हाताने ओढून बघायला गेल्या. आम्हाला एकच अल्पाका हवा होता, आमच्या ओवीसाठी. "एक मिळणार नाही," म्हणाल्या. कळपातलं जनावर एकटं राहिलं तर झुरतं. म्हणून दोघे भाऊ, दोघेही खच्ची केलेले, आणि त्यांच्यासोबत वाढलेला म्हातारा लामा. करारात एक कलम आहे: सांभाळणं जमलं नाही तर विकायचं नाही, लिलावात न्यायचं नाही, आमच्याकडे परत पाठवायचं. हे माहेरचं कलम आपल्याकडे लग्नात का नसतं, असं मी सचिनला विचारलं. तो कुंपण बघायला गेला.

त्यांच्या कडकपणाचा मला आधी राग आला होता. मग त्यांनी मोंटानाची हकीकत सांगितली. 2010च्या अखेरीला तिथल्या एका मोठ्या आश्रयस्थानाचे पैसे संपले आणि ऐन बर्फात शेकडो लामा चाऱ्याविना अडकले. दुसऱ्या राज्यांतून लोक ट्रेलर घेऊन गेले आणि त्यांना घरोघरी पोचवलं. दयेपोटी झेपेल त्याहून जास्त घेणाऱ्यांची मला आता जास्त भीती वाटते. आई, गल्लीतल्या मांजरांवरून हे वाक्य तुझ्यासाठी आहे.

पहिल्या दिवशी बाईंनी ओवीला सांगितलं, "डोळ्यांनी बघू नकोस, हाताने बघ." वरून जनावर गुबगुबीत, दृष्ट लागावी असं. ओवीने लोकरीत मनगटापर्यंत हात घातला आणि तिचा चेहराच उतरला. मी हात घातला. कणा घराच्या आढ्यासारखा वर आणि दोन्ही बाजू छपरासारख्या खाली उतरलेल्या. एवढ्या लोकरीच्या आत जनावर उपाशी होतं आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला ते कळलं नसतं.

कातरणारा मे महिन्यात येतो, शेतोशेत फिरत, आपल्या मेंढरं कातरणाऱ्यांसारखाच. एका भावाला पुढचे-मागचे पाय दोरीने ताणून आडवं केलं आणि दहा मिनिटांत लोकर उतरवली. खालून निघाला तो लांब मानेचा, काटकुळा, अपमानित प्राणी. दुसरा भाऊ त्याला ओळखेना. हुंगून हुंगून खात्री केली, मग दोघे म्म्म-म्म्म करत उभे राहिले. हे बोलतात ते असं, नाकातल्या नाकात, चातुर्मासातल्या पारायणाला मागे बसणाऱ्यांसारखं.

थुंकतात का? थुंकतात, पण बहुधा एकमेकांवर, खाण्यावरून. सचिन दोघा भावांच्या जावांसारख्या भांडणात मध्ये उभा राहिला आणि रवंथाचं हिरवं पाणी दिवाळीच्या कुडत्यावर आलं. वास तीन धुण्यांनी गेला नाही. बाकी शिस्त वाखाणण्याजोगी. तिघेही लेंड्या एकाच कोपऱ्यात टाकतात. त्या खतावर यंदा मेथी अशी आली आहे की आई, तू असतीस तर जुडी बांधून बाजारात बसली असतीस.

लामाचं काम राखणीचं. इथे कायोटी हिंडतात, कोल्ह्याहून मोठे, लांडग्याहून लहान. लामा त्यांना बघून पळत नाही, उलट चालून जातो. शेजाऱ्याच्या शेळ्याही आता त्याच्या आसपास चरतात. उंटावरून शेळ्या हाकणारे आपण पुष्कळ पाहिले, आप्पा. शेळ्या राखणारा उंट मी पहिल्यांदाच पाहिला.

आणखी एक. उंटाच्या कुळाचे पूर्वज मुळात याच उत्तर अमेरिकेत उपजले, मग काही आशियात गेले, काही दक्षिणेला, आणि इथले संपले. म्हणजे हे तिघे आपल्या गावी परत आलेत. आम्ही ग्रीन कार्डाच्या रांगेत अकरावं वर्ष काढतोय आणि लामा खिडकीतून आमच्याकडे मालकासारखा बघतो.

आता काम. गॅरेजात तीन पोती लोकर पडली आहे. बिरामामांना विचारून कळवा, घोंगडी विणायला चालेल का. मेंढीच्या लोकरीसारखी तेलकट नाही आणि हाताला फार मऊ आहे, हे त्यांना नक्की सांगा.

आपली,
मंजू

ता. क. व्हिसाच्या मुलाखतीत कशाला जाताय विचारलं तर "मुलीकडे" एवढंच सांगा. आप्पा, लामाचा विषय काढू नका.