सलग किती?

अँपिअररावांना ‘काय म्हणता?’ असं कधी विचारू नये. ते म्हणायला लागतात. पहिलं वाक्य थंडीचं होतं, दुसरं मुलीच्या शाळेचं, तेही अर्धंच, आणि तिसऱ्यात १८६५० येतो. तोवर तुमची बस गेलेली असते.

हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. खरं नाव पासपोर्टवर आहे, आणि वहिनी फारच चिडल्या तर त्यांच्या तोंडात. इंग्लंडातल्या रेडिंगच्या आम्हा मराठी मंडळींत ते अँपिअररावच. तुमच्याही ओळखीत असा एक असणारच. तुमचा पाण्याच्या फिल्टरवर बोलत असेल, गाडीच्या अॅव्हरेजवर बोलत असेल, नाहीतर लाकडी घाण्याच्या तेलावर. आमचा सेलवर बोलतो.

मूळ कारण सिगरेट. कॉलेजात लागली ती विलायतेपर्यंत सोबत आली. डॉक्टरांनी सुनावलं तेव्हा इथले पुष्कळ लोक करतात तेच त्यांनी केलं. वेप घेतला. त्यात एक तार तापते, तिच्याजवळचा द्रव वाफ होतो आणि माणूस ती वाफ ओढतो. बाकीचे ओढतात आणि गप्प बसतात. अँपिअररावांनी ओढायच्या आधी यंत्राचं बूड उघडलं. आत सेल होता. त्या दिवशी त्यांचा धूर सुटला आणि सेल लागला.

१८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचं शून्य म्हणजे आकार नळीसारखा गोल. हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण अँपिअररावांचा खरा जीव अडकलाय तो एका प्रश्नात. कुणी सेल दाखवून कौतुकाने म्हणालं, ‘याच्यावर चाळीस अँपिअर लिहिलंय!’ की ते चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, ‘सलग किती?’

प्रश्न बिनतोड आहे, हे मान्य. सेलवर दोन तऱ्हांचे आकडे छापता येतात. एक, क्षणभर झटका देऊन विसावा घेतला तर किती करंट निघेल तो, म्हणजे पल्स रेटिंग. दुसरा, न थांबता देत राहिला आणि तरी प्रमाणाबाहेर तापला नाही, तर किती निघेल तो. झटका किती सेकंदांचा, विसावा केवढा, याचं सर्वांनी मानलेलं माप नाही. ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवावं आणि मोठा आकडा छापावा. तारेला भरपूर करंट लागतो, माणूस आकड्यावर विश्वासतो आणि सेल तापत जातो. म्हणून सलग किती, एवढंच विचारायचं.

दुकानात विचारायला कुणाची ना नाही. पण हे गृहस्थ सगळीकडेच विचारतात.

गणेशोत्सवात एका पाहुण्या गायिकेने अभंगाच्या शेवटी अशी तान घेतली की सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. अँपिअरराव माझ्या कानाशी लागले, ‘झटका उत्तम. सलग किती?’ मंडळाच्या निवडणुकीत एक उमेदवार छातीवर हात ठेवून म्हणाला, ‘मी मंडळासाठी रात्रंदिवस राबेन.’ मागच्या रांगेतून आवाज आला, ‘सलग?’ उमेदवार पडला तो काही एवढ्यामुळे नव्हे, पण अजून तो अँपिअररावांना नमस्कार करत नाही. एका लग्नात नवरदेव माईक हातात घेऊन गहिवरला, ‘हिच्यावर माझं अतोनात प्रेम आहे.’ अँपिअररावांनी तोंड उघडलेलं दिसताच वहिनींनी त्यात जिलबी घातली. २०२२ साली लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या आणि जेमतेम सात आठवड्यांत गेल्या, तेव्हा मात्र त्यांना कुणी अडवू शकलं नाही. ‘पल्स रेटिंग!’ ते घरोघर फोन करून सांगत होते. ‘मी लेबल बघूनच म्हटलं होतं.’

लेबलावर त्यांचा भयंकर राग. या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साठवण फार तर ३५०० मिलिअँपिअर-अवरच्या आसपास असते. तरीही बाजारात ९९०० लिहिलेले सेल सुखाने विकले जातात, तेही चवलीच्या भावात. ‘नावातच फायर असलेला सेल घेऊ नये. तो नावाला जागतो,’ हा अँपिअररावांचा सिद्धान्त. खरे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सॅमसंग, एलजी, पॅनासॉनिक, तैवानचं मोलिसेल, आणि सोनी, जिचा सेलचा धंदा २०१७ साली मुराताने घेतला. बाकीचे बरेचसे कुणाचा तरी माल घेऊन वर आपलं रॅपर चढवतात आणि आकडा वाढवून छापतात.

यावर उतारा म्हणून ते कोटाच्या खिशात सोनाराचा छोटा काटा बाळगतात. अस्सल सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आगेमागे भरतो. नकली बऱ्याचदा हलका निघतो. काहींच्या पोटात तर चिमुकला सेल आणि भोवती नुसती भुकटी सापडली आहे. हाय स्ट्रीटवरच्या वेपच्या दुकानातला पोरगा अँपिअरराव दारात दिसले की काउंटर पुसायला घेतो, काट्याला जागा हवी म्हणून. दिवाळीच्या फराळालाही काटा बाहेर येतो. ‘बेसन लाडू, ४७ ग्रॅम. अस्सल.’ पुढच्या घरी, ‘३१. रिरॅप आहे.’ त्या घरून त्यांना पुन्हा फराळाचं बोलावणं आलेलं नाही.

एकदा कुणा काकूंनी मुलीसाठी स्थळ बघताना अपेक्षा सांगितल्या. पगार भरपूर हवा, शिवाय मुलाने घरालाही भरपूर वेळ द्यावा. अँपिअररावांनी तिथेच वहीवर लिहून दाखवलं: सॅमसंगचा ३५ई, साठवण ३५००, सलग ८ अँपिअर. सॅमसंगचाच २५आर, साठवण २५००, सलग २०. ‘साठवण वाढली की देणं कमी होतं, काकू. दोन्ही एका सेलात देतो म्हणेल तो फसवतोय.’ काकूंना यातलं काय कळलं कोण जाणे, पण मुलीला कळलं असावं. तिने कमी पगाराचा पसंत केला.

आणि जोड्या! काही यंत्रांत दोन सेल लागतात. ते एकाच जातीचे, एकाच वयाचे हवेत, बरोबर चार्ज व्हावेत, बरोबर वापरले जावेत आणि निवृत्तही बरोबरच व्हावेत, नाहीतर थकलेल्यावर दुसऱ्याचा भार पडतो. वेपवाले याला सरळ लग्न लावणं म्हणतात. अँपिअररावांनी ते मनावर घेतलं. त्यांच्याकडच्या प्रत्येक जोडीच्या रॅपरवर बारीक अक्षरात लग्नाची तारीख आहे. वहिनी एकदा म्हणाल्या, ‘आमची तारीख विसरतात. त्यांच्या लक्षात असते.’

भारतात जाताना पंचाईत. २०१९ च्या कायद्याने तिथे ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्यालाच बंदी. तेव्हा यंत्र रेडिंगला राहतं आणि सेल तेवढे टॉर्चसाठी साताऱ्याकडच्या गावी जातात. केबिन बॅगेत, प्रत्येक आपापल्या डबीत. सुटे लिथियम सेल चेक-इनच्या सामानात टाकायचे नसतात, हे ते पुढच्या-मागच्या प्रवाशांनाही सांगतात. गावी एकदा त्यांच्या थोरल्या चुलत्यांनी मायेपोटी ते सेल अंगणात उन्हात मांडून ठेवले. आपल्याकडे विजेरीचे उतरलेले सेल उन्हात ठेवायची पद्धतच होती. अँपिअरराव आंघोळीतून टॉवेलवर धावले. चुलते अजून विचारतात, ‘विलायतेत सेलला ऊन चालत नाही का रे?’

इतका वेळ मी चेष्टा करतोय खरा. पण एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

नाशिकहून एम.एस्सी.ला आलेला एक मुलगा कुणाच्या तरी घरी जेवायला आला होता. जीन्सच्या खिशात घराच्या किल्ल्या, चिल्लर आणि एक सुटा सेल. जॅकेटमध्ये कुणाकडून तरी जुनं घेतलेलं नळीचं यंत्र, ज्यात आवर घालणारं सर्किटच नसतं. बटण दाबलं की सेल आणि तार समोरासमोर. अँपिअररावांनी पान अर्धं टाकलं. मुलाला स्वयंपाकघराच्या दिव्याखाली नेलं आणि तो सेल त्याच्या डोळ्यांपुढे धरला.

‘हे वरचं बटण दिसतं ना, ते धन. आता त्याच्या भोवतीची ही कडा बघ. ही ऋण. सेलची अख्खी डबीच ऋण असते. दोन्हींच्या मध्ये काय आहे? ही कागदाची पांढरी चकती आणि हे एवढंसं प्लास्टिक.’ त्या कडेवर रॅपर नखाएवढं फाटलं होतं. ‘इथे तुझी किल्ली टेकली की संपलं. मांडी भाजते, बाळा. लोकांच्या भाजल्या आहेत.’

मग तारेचा हिशोब झाला. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, तार ०.१५ ओहमची, भागाकार २८ अँपिअर. ‘आणि या सेलचं सलग किती?’ मुलाला माहीत नव्हतं. ‘आठ.’ अँपिअरराव आवाज न चढवता म्हणाले. फ्लोरिडात २०१८ साली आणि टेक्सासात २०१९ साली असली यंत्रं फुटून माणसं दगावली, हेही त्यांनी सांगितलं, पण हळू, आतल्या बायकांना ऐकू जाऊ नये इतपत. त्या रात्री ते मुलाला आपल्या घरी घेऊन गेले. ते यंत्र काढून घेतलं. फाटलेलं रॅपर उतरवून नवं चढवलं आणि वहिनींच्या हेअर ड्रायरने ते आक्रसून बसवलं. हा सेल यापुढे फक्त टॉर्चसाठी, असं बजावून तो डबीत घालून दिला.

रेडिंगमध्ये तशी डबी बाळगणारी बरीच पोरं आहेत, हे मला तेव्हा कळलं. सगळ्या डब्या एकाच घरातून गेलेल्या.

निघताना त्या मुलाने भाबडेपणाने विचारलं, ‘काका, तुम्ही कुठलं यंत्र वापरता?’ अँपिअरराव डब्या आवरण्यात गुंतले. उत्तर वहिनींनी दिलं. निकोटीन बारावरून सहावर आलं, सहावरून तीनवर, मग शून्यावर. पुढे नुसती वाफ उरली, आणि एक दिवस तीही राहिली. यंत्र कपाटात पडून आहे. चार्जर तेवढा रोज रात्री चालू असतो.

‘म्हणजे सोडलंत?’ मुलगा म्हणाला. ‘सलग किती दिवस झाले, काका?’

हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. चष्मा कपाळावर गेला नाही. ‘दोन वर्षं होतील माघात,’ ते म्हणाले, आणि त्याला बसथांब्यापर्यंत सोडायला निघाले. जाता जाता त्याला काय सांगत होते ते ऐकू आलं नाही, पण १८६५० असणारच.

ज्यांना हे व्यसन नाही त्यांनी ते लावून घेऊ नये, हे अँपिअररावांचंच मत. ज्यांना आहे, त्यांनी सुटा सेल खिशात टाकू नये, रॅपर फाटलेला वापरू नये, लेबलावरचा झटक्याचा आकडा धरून तार लावू नये. आणि हे सेल मुळात असे सुटे विकण्यासाठी नाहीत, सर्किटसह पॅकमध्ये बसवण्यासाठी आहेत, असं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या स्वतःच बजावतात. अँपिअररावांचंही म्हणणं तेच आहे. फक्त त्यांना ते सांगायला पाऊण तास लागतो, सलग. तरी ऐकून घ्या.