नियत वयोमान

माझे वार्धक्य ३१ मे रोजी मध्यान्होत्तर सुरू झाले, आणि तो मुहूर्त ब्रह्मदेवाने नव्हे तर आमच्या गावच्या हेडमास्तरांनी मुक्रर केलेला होता. कारण शाळेत नाव घालतेवेळी मातोश्रींनी ‘बैल हरवला त्या साली, पोळ्याच्या मागेपुढे’ असे जे माझ्या जन्माचे बयान दिले, ते दप्तरी दाखल करण्याजोगे न वाटून त्यांनी अवघ्या वर्गाबरोबर मलाही १ जून ही तारीख बहाल केली, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेल्या इसमाने आदल्याच दिवशी खुर्ची सोडावी असा सरकारी नियम असल्याने, पोळ्यापर्यंतची हक्काची चाकरी मी पाटी-पेन्सिल हाती धरण्यापूर्वीच गमावून बसलो.

अठ्ठावन्न वर्षे भरताच अव्वल कारकुनाची बुद्धी क्षीण होते, असे राज्य सरकारचे मत आहे. चतुर्थ श्रेणीतील शिपायास मात्र तेच सरकार ६० पर्यंत धडधाकट समजते. म्हणजे फाइल समजण्याच्या शक्तीपेक्षा ती उचलण्याची शक्ती मनुष्याच्या ठायी दोन वर्षे अधिक टिकते. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींस ६२, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींस ६५, आणि राज्यकर्त्यांस तर वयच नाही! मोरारजीभाई १९७७ साली पंतप्रधान झाले ते ८१व्या वर्षी. पण त्यांची जन्मतारीखच मुळी २९ फेब्रुवारी. अशी चार वर्षांतून एकदाच उगवणारी तारीख नेमून देणारा दूरदर्शी हेडमास्तर आमच्या तालुक्यात नव्हता.

रिकामे बसू नये म्हणून आमच्या मेहुण्यांनी अण्णासाहेब कर्व्यांचा दाखला दिला: १९१४ साली फर्ग्युसनमधून निवृत्त झाले, आणि १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. दाखला बिनतोड खरा. परंतु ज्यांच्या वाट्याला १०४ वर्षांचे आयुष्य आले, त्यांना छप्पन्नाव्या वर्षीची निवृत्ती मधल्या सुट्टीसारखीच वाटणार. मी आरामखुर्चीच्या बाजूने कौल दिला.

तो टिकू दिला नाही आमच्या शिपायाने. हा गृहस्थ माझ्याच वर्गात, त्याच १ जून रोजी जन्मलेला, आणि अद्याप सेवेत रुजू. परवा तो एक जाडजूड फाइल काखोटीस मारून घरी आला. नव्या साहेबांना माझा जुना शेरा लागत नव्हता. मी लगबगीने चष्मा शोधू लागलो, तोच सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून पृच्छा केली की, या कामाचा काही भत्ता मिळतो काय?

“भाऊसाहेबांचं फुकटच, वहिनी,” तो पाट ओढून घेत म्हणाला, “पगारी मी एकटाच. चहात साखर जरा जास्त घाला.”