शिक्का मारा, जेवून येतो

"कळलं का तुला? पलीकडच्या वहिनी पार्कात गेल्या, भर दुपारी बाहेर आल्या, जेवल्या आणि परत आत गेल्या. तिकीट एकच!"

अक्कांनी ही बातमी कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवून सांगितली. आमच्या जुळे सोलापुरातल्या गल्लीत फाटकातून माणसं ये-जा करतात, बातम्या मात्र भिंतीवरूनच जातात. त्यातून तो नळाला पाणी यायचा दिवस, म्हणजे समद्या बायका अंगणात. मी पाइप हौदात सोडला आणि भिंतीशी आले. तेवढ्यात खुद्द वहिनीच बादली घेऊन बाहेर पडल्या.

"काय की अक्का, एवढं काय त्यात? भूक लागली, बाहेर आलो."

"बाहेर आलो म्हणे! एवढं महागाचं तिकीट काढून? दोन तास पाण्यात की ते!" हा आवाज काकांचा. काका म्हणजे अक्कांचे मालक. ते ओट्यावर पेपर वाचत असतात, पण पान उलटतं ते भिंतीवरचा विषय बदलला की.

"कुठलं पार्क हो वहिनी?" मी विचारलं.

"नाव कशाला उगं? भिंतीला कान असतात, आपल्या भिंतीला तर तोंडबी आहे." वहिनींनी बादली खाली ठेवली. म्हणजे आता सविस्तर ऐकायला मिळणार. "झालं असं, आमच्या सासूबाईंनी निघताना कडक भाकऱ्यांची चळत, शेंगा चटणी, दही आणि धपाटे असा सगळा डबा बांधला. गेटवर तपासणी. बाहेरचं खायचं आत न्यायचं न्हाई म्हणे. त्या पोरानं भाकरी हातात घेतली, बोटानं वाजवली आणि विचारतोय, 'आजी, हे पापड का?' सासूबाई म्हणल्या, 'तोडून बघ की.' तुटली तेव्हा लांबच्या माणसानंबी वळून बघितलं."

"मग डबा?"

"परत गाडीत. आत गेलो. पोरं लागली पळायला. हे आणि भाऊजी पोरांच्या मागं. मी चपला, पिशव्या, ओले टॉवेल घेऊन. आणि सासूबाई बाकावर. बारा वाजले तसं ऊन चढलं. पाळण्याला रांग, खायच्या खिडकीला रांग, पाण्याच्या नळाला रांग. धाकट्यानं भोकाड पसरलं. हे म्हणतात, 'अजून चार राइड राहिल्यात, पैसे वसूल करायचेत.' तेवढ्यात सासूबाई उठल्या, सरळ गेटवर गेल्या. 'बाळा, जेवून परत येऊ का?' तो म्हणला, 'या की आजी, हातावर शिक्का मारतो.' झालं. समोरच रस्त्यापलीकडं थाळीचं हॉटेल. मालकाला विचारून डबा उघडला. त्याच्याकडनं पिठलं, वरणभात आणि ताक घेतलं. सासूबाईंनी त्या मालकाला वाटीभर शेंगा चटणी दिली, त्यानं आम्हाला दोन वाट्या ताक जास्तीचं दिलं."

"म्हणजे सोलापूरचा कारभार तिकडंबी," अक्का खूश झाल्या.

काकांना मात्र हिशोब पटेना. "मी काय म्हणतो, एकदा गेटवर पैसे मोजले की प्रत्येक मिनिट वसूल करायला पाहिजे. बाहेर जाऊन जेवायचं तर घरीच जेवा की."

"तुमच्या ह्या वसुलीवरच सगळा धंदा चालतोय," अक्का म्हणाल्या. "आपली गड्डा जत्रा बघा. होम मैदानावर गेट आहे का? तिकीट कशाचं? पाळण्यात बसलात तर पाळण्याचं, मौत का कुआँ बघितला तर त्याचं. भूक लागली तर भजी खावा, न्हाईतर चालत पार्क चौपाटीवर जावा, पोटभर खाऊन परत या. कुणी शिक्का मारतंय का? १४ जानेवारीला संमती कट्ट्यावर अक्षता, १६ला शोभेची दारू. ह्या सगळ्यात माणूस दहा वेळा आत-बाहेर करतोय. सिद्धेश्वराच्या जत्रेत कुणी कधी म्हणलंय का, जेवायला गेलो आणि पैसे बुडाले?"

हे बोलणं मला एकदम पटलं. मी म्हणाले, "अक्का, अहो अमेरिकेतलं डिस्नेलँडसुद्धा आधी आपल्या गड्ड्यासारखंच होतं. १९५५ साली जुलैत उघडलं, तेव्हा आत जायचं एक छोटं तिकीट आणि खेळांची वेगळी तिकिटं. पुढं त्या तिकिटांची पुस्तिकाच मिळायला लागली. चांगल्या खेळाचं तिकीट महाग, साध्याचं स्वस्त. १९८२ साली ते बंद केलं आणि गेटवर एकदाच घसघशीत पैसे घ्यायला लागले. तेव्हापासून जो आत जातो तो काकांसारखा वसुलीला लागतो."

"मला कशाला मधी घेतेस," काका म्हणाले, पण पेपर खाली ठेवला.

"माझा भाचा तिकडंच असतोय की, कॅलिफोर्नियात," अक्कांना आता धागा सापडला. "तो पोरांना घेऊन जातो. म्हणतो, मावशी, पार्काच्या दारातनं बाहेर पडलं की समोर हॉटेलंच हॉटेलं. चालत जायचं, खायचं, चालत परत. फक्त तिकीट जपून ठेवायचं, परत येताना ते बघतात."

"त्याचीबी गोष्ट आहे," मी म्हणाले. "त्या वॉल्ट डिस्नेनं अ‍ॅनाहाइमला पार्क बांधलं, तेव्हा जागा घेतली संत्र्यांच्या बागांतली, पण बेताचीच. पार्क चाललं तसं आजूबाजूला लोकांनी लॉज, हॉटेलं काढली. खेळ ह्याचा, जेवण दुसऱ्याचं. त्यानं ते मनाला लावून घेतलं. पुढं फ्लोरिडात जागा घेताना गुपचूप, वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावानं, सत्तावीस हजार एकरांवर घेऊन ठेवली. १९७१ला तिथलं पार्क उघडलं."

"सत्तावीस हजार एकर?" काकांनी बोटं मोजली. "म्हणजे शंभर-सव्वाशे चौरस किलोमीटर. अरे, आपल्या महापालिकेची हद्द १७८. निम्म्याहून जास्त सोलापूर की! तिथं जेवायला बाहेर निघालं तर हद्द संपेपर्यंत संध्याकाळ."

"तेच तर. भूक लागल्यावर किती लांब जायचं हे आपण न्हाई ठरवत. जागा घेणारा आधीच ठरवून ठेवतोय."

वहिनींनी मान हलवली. "आपल्याकडंबी तसंच. आमच्या ह्यांनी लग्नानंतर एस्सेल वर्ल्डला नेलं होतं. गोराईला, १९८९ साली निघालेलं ते. जायचं खाडीतनं बोटीनं. दुपारी जेवायला बाहेर जायचं म्हणजे परत बोट! कोण जाणार? तरी जाहिरात अशी होती त्यांची, की घरीच जायचं न्हाई म्हणून."

"आणि ते इमॅजिका?" अक्कांनी विचारलं. "आमच्या गल्लीतली निम्मी पोरं कॉलेजच्या ट्रिपला तिथं जाऊन आली."

"ते खोपोली-पाली रस्त्यावर. २०१३ला निघालं, मनमोहन शेट्टींनी काढलं, २०१४ला शेजारी वॉटर पार्क. आता संगमनेरच्या मालपाणींकडं आहे. पण तिथं रस्त्यापलीकडं थाळी अशी गंमत नाही. वडापावला खोपोली गावात जायचं म्हणलं तरी गाडीच काढावी लागणार. तिथं आतच जेवावं. बाहेरचं राखून ठेवावं दुसऱ्या दिवसाला, कारण एका बाजूला महडचा वरदविनायक, दुसऱ्या बाजूला पालीचा बल्लाळेश्वर. पालीला घरगुती जेवण मिळतं. म्हाताऱ्यांना अष्टविनायकातले दोन, पोरांना एक पार्क."

"हे बरंय," काका म्हणाले. "पण मला एक सांगा, डबा आत न नेऊ द्यायचा अधिकार त्यांना आहे का? सुप्रीम कोर्टानं काहीतरी म्हणलं होतं की."

"ते थेटरचं होतं काका. ३ जानेवारी २०२३चा निकाल. जम्मू-काश्मीरचं प्रकरण. कोर्ट म्हणालं, थेटर खासगी मालमत्ता आहे, बाहेरचं खायचं बंद करायचं का ते मालक ठरवेल. पण प्यायचं पाणी फुकट आणि स्वच्छ द्यायलाच पाहिजे. तान्ह्या लेकराचं खाणं आईबापांना नेऊ द्यायचं. तेव्हाच्या सरन्यायाधीश चंद्रचूडसाहेबांनी त्या दिवशी जिलबीचंबी नाव काढलं होतं. एखाद्यानं थेटरात जिलबी आणली आणि चिकट बोटं खुर्चीला पुसली तर खर्च कुणी करायचा, असं."

"मग आपल्या शेंगा चटणीचं तेल लागलं असतं तर?" अक्का खो खो हसल्या. "खुर्चीच बदलायला लागली असती."

वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या मनात दुसरंच काही होतं. "अक्का, खरं सांगू? हे सगळं कायदा-बियदा ठीक आहे. पण मला त्या दुपारी एक गोष्ट कळली. पाळण्यात बसणाऱ्याला भूक कळतच न्हाई. त्याला आत ठेवा, तो रात्रीपर्यंत राहील. आतलं-बाहेरचं जेवण हा प्रश्न त्याचा न्हाईच. प्रश्न सासूबाईंचा. त्यांचंबी तिकीट काढलं होतं. गुडघे दुखतात, चक्कर येते, एका खेळात बसल्या न्हाईत. बाकावर बसून पिशव्या राखल्या. त्यांनी काय वसूल करायचं? त्या दिवसभरात त्यांना मजा आली ती त्या थाळीच्या हॉटेलात. पंखा होता, सतरंजी टाकली होती, मालकाशी बोलल्या, त्याच्या बायकोला चटणीत लसूण किती घालायचा ते सांगितलं, शेंगदाणे कुटायचे, मिक्सरला लावायचे न्हाईत हे दोनदा सांगितलं. त्या दोन तासांत हे घड्याळ बघत होते आणि सासूबाई हसत होत्या."

जरा वेळ कुणी बोललं नाही. मग काकाच म्हणाले, "हं. म्हणजे वाया गेलेले दोन तास कुणाचे, ते बघायला पाहिजे."

"आणि वाया कुठं गेले?" वहिनींना आता जोर चढला. "परत गेलो तेव्हा पोरं झोपून उठल्यासारखी ताजी. ऊन उतरायला लागलं होतं. कॉलेजच्या ट्रिपा परतायला लागल्या होत्या. सकाळी ज्याला तासभर उभं राहिलो त्याला दहा-पंधरा मिनिटांत नंबर. ह्यांनी काढल्याच की राहिलेल्या राइड. गड्डा आपण भर दुपारी बघतो का? संध्याकाळीच जातो. मग पार्कात काय म्हणून बारा ते तीन उन्हात रांगेत उभं राहायचं?"

"आमच्या मोठ्या बहिणीनं शिर्डीला असंच केलं," अक्कांना आठवलं. "तिथं मालपाणींचंच वॉटर पार्क आहे आणि ते साईतीर्थ. तिनं पोरांना सकाळी त्या दोन्हीतल्या एकात सोडलं, दुपारी सगळ्यांना संस्थानच्या प्रसादालयात नेलं. केवढं ते प्रसादालय! सूर्याच्या वाफेवर स्वयंपाक करतात म्हणे, मोठमोठ्या तबकड्या लावल्यात वर. पोटभर जेवण, तेही पंगतीत. पोरांना जास्त ते आवडलं. संध्याकाळी आरती केली की ट्रिप सुफळ."

मी मनात एक यादी करत होते, ती आता ओठांवर आली. "म्हणजे असं करायचं. जायच्या आधी फोन करून विचारायचं, बाहेर जाऊन परत येऊ देतात का. काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी न्हाई. शिक्का मारतात का कागदी पट्टा बांधतात ते बघायचं. वॉटर पार्क असेल तर शिक्का पाण्यानं जातो, तेव्हा तिकीट फाडून टाकायचं न्हाई. खायची जागा चालत जाण्याएवढी असली तरच निघायचं. गाडी काढायची झाली तर पार्किंगमधनं निघण्यातच भूक मरते. आणि निघायचं बाराच्या आत, न्हाईतर हॉटेलातबी रांग."

"आणि डबा गाडीत सावलीला ठेवायचा," अक्कांनी भर घातली. "आपल्याकडच्या उन्हात काचेमागं दह्याचं काय होतं ते सांगायला नको."

"कडक भाकरी टिकते की," काका म्हणाले. "कडक भाकरीला काय होतंय? ती महिनाभर तशीच."

तेवढ्यात वहिनींच्या दारात सासूबाई उभ्या दिसल्या. कधीपासून ऐकत होत्या कोण जाणे. डोक्यावरचा पदर सारखा करत भिंतीजवळ आल्या.

"पुढच्या वेळंचं मी सांगू का?" त्या म्हणाल्या. "आधी जेवायची जागा ठरवा. चांगली खानावळ, गरम भाकरी देणारी, पंखा असलेली. मग तिच्या जवळ पार्क हाय का ते बघा. पार्क नसलं तरी चालंल."

"आणि पोरं?" वहिनींनी विचारलं.

"पोरांना म्हणावं, जेवा आधी. मग गड्ड्यात पाळण्यात बसवू."

"गड्डा जानेवारीत असतोय आई, आणि सुट्टी मे महिन्यात."

"मग मे महिन्यात जाऊ की हॉटेलात," सासूबाई म्हणाल्या, "आणि हो, त्या मालकानं चटणीचा पत्ता मागितलाय. पार्सल करायचं हाय. कुणी पेन देता का?"