प्रोज-लिबला जाहीर जाब

प्रति,
प्रोज-लिब,
सिस्टिम व्हेरिएबल्सची यादी,
संगणक प्रयोगशाळा, मागची रांग.

पत्राची सुरुवात नमस्काराने करतात. तुला मी नमस्कार लिहीत नाही. ज्याच्यामुळे शिकायला आलेली मुलं स्वतःलाच ‘ढ’ समजू लागली, त्याच्याशी गोड बोलायची माझी तयारी नाही. हे पत्र जाहीर आहे, कारण तुझी सगळी ताकद लपून राहण्यात आहे.

वाचकांनो, हा प्रोज-लिब म्हणजे विंडोजमधला एक एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल. एक नाव आणि त्यापुढे एका फोल्डरचा पत्ता, एवढंच त्याचं शरीर. ‘प्रोज’ हे त्यामागचं मूळ सॉफ्टवेअर. गोल पृथ्वीवरचा बिंदू सपाट नकाशावर नेमका कुठे येतो, याचं गणित ते करतं. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण विभागात काम करणाऱ्या जेराल्ड एव्हेंडेन यांनी ते 1980च्या दशकात लिहायला घेतलं. आज क्यूजीआयएस, जीडॅल, पोस्टजीआयएस आणि पायथनमधली नकाशांची बहुतेक टूल्स याच गणितावर उभी आहेत. हे गणित करायला लागणारी माहिती कुठल्या फोल्डरमध्ये आहे, ते सांगण्याचं काम प्रोज-लिबकडे आहे. काम साधं आहे. तेही तू नीट केलं नाहीस, म्हणून हा जाब.

पहिला आरोप असा, की तू एकासाठी आलास आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसलास.

आमच्या लॅबच्या मागच्या रांगेत आधीच्या सत्रात डेटाबेसचा वर्ग चालला. त्यासाठी त्या मशीनवर डेटाबेस आणि त्याचा नकाशांचा जोडभाग बसवला गेला. तो बसवणाऱ्या इन्स्टॉलरने तुला सिस्टिम व्हेरिएबल्समध्ये नेऊन ठेवलं आणि तुझ्यापुढे स्वतःच्या फोल्डरचा पत्ता लिहिला. काम संपलं, वर्ग संपला, तू मात्र तिथेच राहिलास. पुढच्या सत्रात त्याच मशीनवर उपग्रह-चित्रांचा वर्ग सुरू झाला, तेव्हा नव्या टूल्सनाही तू तोच जुना पत्ता दिलास. वेशीवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला, त्याचं काम कुणाकडे आहे हे न विचारता, एकाच घराकडे पाठवणाऱ्या माणसासारखा तू वागलास.

पूर्वी एवढ्याने फार बिघडत नसे, कारण ही माहिती साध्या मजकुराच्या फाईलींत असायची. 2019 मध्ये प्रोजची सहावी आवृत्ती आली आणि बहुतेक माहिती ‘प्रोज डॉट डीबी’ या एका एसक्यूलाइट फाईलमध्ये गेली. या फाईलच्या मांडणीला स्वतःचा क्रमांक असतो. नव्या टूलला जुन्या मांडणीची फाईल मिळाली की ते काम नाकारतं. ‘ही फाईल दुसऱ्याच प्रोजची दिसते’ अशा अर्थाची ओळ पडद्यावर येते, आणि तिच्या आगेमागे ‘हा ईपीएसजी क्रमांक अनोळखी आहे’ असा शेरा. ईपीएसजी क्रमांक म्हणजे नकाशाची निर्देशांक प्रणाली ओळखायचा आकडा. घाबरलेलं पोरगं फाईलबद्दलची ओळ वाचतच नाही. त्याला दिसतो तो फक्त शेरा, आणि त्याला वाटतं की आपणच क्रमांक चुकीचा टाकला.

तुझा सगळ्यात क्रूर भाग इथे आहे.

अमरावती आणि वर्धा या शेजारच्या जिल्ह्यांची सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं जोडायचा सराव होता. महाराष्ट्राच्या पूर्व भागातून 78 अंश रेखावृत्त जातं आणि पृथ्वीचे उभे पट्टे पाडणाऱ्या यूटीएम पद्धतीचा 43वा पट्टा तिथे संपून 44वा सुरू होतो. अमरावती शहर 43व्या पट्ट्यात येतं, वर्धा शहर 44व्या पट्ट्यात. एकाचा ईपीएसजी क्रमांक 32643, दुसऱ्याचा 32644. दोन्ही चित्रं जोडायची, तर आधी एका पट्ट्यातलं चित्र दुसऱ्यात बदलून घ्यावं लागतं. विदर्भात नकाशाचं काम करणाऱ्याला हे वारंवार करावं लागतं. पुढच्या रांगेत हा सराव सरळ पार पडला. मागच्या रांगेत तोच कोड, तीच चित्रं आणि तेच क्रमांक असूनही पडद्यावर लाल अक्षरं आली.

मग जे होतं तेच झालं. ‘पुढच्यांचं चालतं, मग तुझंच का नाही?’ हा प्रश्न मागच्या रांगेतल्या प्रत्येकाला ऐकावा लागला. काहींनी कोड पुन्हा टाइप केला. काहींनी चित्रं पुन्हा डाउनलोड केली. खेड्यातून आलेली, घरी संगणक नसलेली एक मुलगी शांतपणे म्हणाली, ‘मला हे जमणार नाही, सर.’ तिचा कोड अक्षरन् अक्षर बरोबर होता. चूक तुझी होती, आणि ती तिच्या नावावर लागली. हे मी तुला माफ करणार नाही.

दुसरा आरोप आहे तुझ्या लपण्याचा. तू माणसाला एका ठिकाणी नाही, चार ठिकाणी फसवतोस.

एक, टूल काढून पुन्हा बसवलं तरी तू जात नाहीस. तू त्या टूलच्या फोल्डरमध्ये राहतच नाहीस, विंडोजच्या यादीत राहतोस. ‘रीइन्स्टॉल करून बघा’ हा सल्ला इथे वेळ खाण्यापलीकडे काही करत नाही.

दोन, त्याच मशीनवर एक टूल चालतं आणि दुसरं पडतं. पायथनमधलं पायप्रोज सोबत आणलेलं माहितीचं फोल्डर आधी बघतं आणि नंतर तुझ्याकडे वळतं, म्हणून ते चालतं. उपग्रह-चित्रं वाचणारं रास्टरिओ मात्र तू दिसलास की तुझंच ऐकतं, म्हणून ते पडतं. वापरणाऱ्याला वाटतं की दोष रास्टरिओत आहे.

तीन, त्याच मशीनवर एका लॉगिनला काम होतं आणि दुसऱ्याला होत नाही. विंडोजमध्ये व्हेरिएबल्सच्या दोन याद्या असतात, एक पूर्ण मशीनची आणि एक त्या वापरकर्त्याची. दोन्हींत एकच नाव असेल तर वापरकर्त्याचं चालतं. त्यामुळे अ‍ॅडमिन आपल्या लॉगिनमधून तपासून ‘सगळं ठीक आहे’ असं प्रामाणिकपणे सांगून जातो, आणि विद्यार्थी खोटा ठरतो.

चार, तुला यादीतून काढल्यावरही आधीपासून उघड्या असलेल्या खिडक्यांमध्ये तू शिल्लक असतोस. प्रोग्रॅम सुरू होतानाच व्हेरिएबल्सची प्रत घेतो आणि बंद होईपर्यंत तीच वापरतो. इलाज बरोबर करूनही गुण आला नाही, असं वाटून माणूस तो इलाजच सोडून देतो.

तुझे साथीदारही मी ओळखतो. जीडॅल-डेटा हा तुझाच भाऊ, तोही असाच दुसऱ्याच्या फोल्डरकडे बोट दाखवतो. पायथन-होम आणि पायथन-पाथ चुकीचे लागले की नकाशाच्या सॉफ्टवेअरमधलं पायथन सुरूच होत नाही. पाथच्या यादीत कुणाची जुनी डीएलएल पुढे बसली की तिसरंच काही तुटतं. या सगळ्यांचा स्वभाव एकच. मशीनवर पूर्वी काय काय बसवलं गेलं, त्यावर यांचं अस्तित्व ठरतं, म्हणून ते काही मशीनवर असतात आणि काहींवर नसतात.

आणि प्रत्येक वेळी लाल अक्षरं येतील, अशी खात्रीही देता येत नाही. एका निर्देशांक प्रणालीतून दुसरीत जाताना काही वेळा बारीक सुधारणांची वेगळी ग्रिड फाईल लागते. एका मशीनवर ती असली आणि दुसऱ्यावर नसली, तर दुसरं मशीन उपलब्ध असलेल्या ढोबळ सूत्राने गणित उरकतं. एकाच फाईलमधून दोन मशीनवर दोन वेगळ्या जागा निघतात, आणि दोन्ही नकाशे सारखेच नीटनेटके दिसतात. ज्या राज्यात बांधाच्या हातभर जमिनीवरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात, तिथे नकाशावरचा फरक हा शेवटी कुणाच्या तरी जमिनीचा फरक असतो.

आता न्यायाचं बोलतो. तुझ्यासारख्या व्हेरिएबलची सोय मुळात चांगल्या हेतूने झाली. कुणी प्रोज वेगळ्या ठिकाणी बसवलं, तर त्याला माहितीचा पत्ता सांगता यावा, म्हणून प्रोज स्वतःच्या शेजारच्या फोल्डरआधी तुझ्याकडे बघतं. तुझा अधिकार त्यातूनच आला. 2022 मधल्या 9.1 आवृत्तीपासून तुझ्या जागी प्रोज-डेटा हे नाव आलं, पण ते नाव मशीनवर नसेल तर आजही तुझंच ऐकलं जातं. म्हणून इन्स्टॉलर बनवणाऱ्यांनाही माझं स्पष्ट सांगणं आहे. तुमच्या सॉफ्टवेअरला लागणारा पत्ता तुमच्या सॉफ्टवेअरपुरताच ठेवा. तो पूर्ण मशीनवर लादायचा अधिकार तुम्हाला कुणी दिलेला नाही.

तुला पकडायला मोठी विद्या लागत नाही. चालणारं मशीन आणि न चालणारं मशीन शेजारी शेजारी घ्यायची. दोन्हींवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘सेट’ ही आज्ञा द्यायची आणि तिच्यापुढे प्रोज हे नाव इंग्रजी अक्षरांत (PROJ) लिहायचं. त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे व्हेरिएबल्स समोर येतात. चालणाऱ्या मशीनवर काहीच नसतं, न चालणाऱ्यावर तू असतोस. जिथे प्रोजची स्वतःची टूल्स असतात, तिथे ‘प्रोजइन्फो’ला शोधाचे मार्ग विचारले की तुझा पत्ता रांगेत कुठे आहे तेही कळतं. मग व्हेरिएबल्सच्या दोन्ही याद्यांतून तुला काढायचं, सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडायच्या. डेटाबेसला तो पत्ता खरंच हवा असेल, तर तो त्याच्या सेवेपुरता किंवा त्याला सुरू करणाऱ्या बॅच फाईलपुरता द्यायचा. आमच्या मागच्या रांगेत एवढंच केलं, आणि त्या मुलीचा कोड एकही अक्षर न बदलता चालला.

प्रोज-लिब, तुझी आमच्या लॅबमधून हकालपट्टी झालेली आहे. मात्र जिथे एकाच मशीनवर दोन वर्ग चालतात, दोन विभाग बसतात किंवा आधीच्या माणसाचं मशीन नव्या माणसाला मिळतं, तिथे तू असणार. म्हणून यापुढचं तुझ्यासाठी नाही, ज्यांच्या हाती अशा लॅब आणि कार्यालयं आहेत त्यांच्यासाठी आहे.

प्रत्येक मशीनवर कधी, काय आणि कशासाठी बसवलं, याची एक वही ठेवा. वर्ग संपला की त्यासाठी बसवलेलं काढा, आणि काढल्यावर व्हेरिएबल्सची यादीही उघडून बघा. काही मशीनवर चालतं आणि काहींवर चालत नाही, अशी तक्रार आली की आधी मशीनमधला फरक शोधा. दोन मशीनची तुलना केल्याशिवाय खुर्चीवर बसलेल्या माणसाला दोष देऊ नका. मागच्या रांगेतल्या मुलीला तिची चूक विचारण्याआधी, तिला कुठलं मशीन दिलं ते स्वतःला विचारा.

– एक लॅब चालवणारा