घड्याळावरील सूट : स्वरूप, प्रकार आणि केदारखेडा पद्धत

महागड्या मनगटी घड्याळावरची सूट कुठल्याही पाटीवर लिहिलेली नसते. पावसाळा लागला की साड्यांच्या दुकानाबाहेर सेलचे फलक झळकतात. लाखांच्या घड्याळांच्या दालनाला तसला फलक लावणे कमीपणाचे वाटते. सूट असते, पण ती विचारणाऱ्यालाच सांगितली जाते. न विचारणाऱ्याला कॉफी मिळते. पाच लाखांच्या घड्याळावरची दहा टक्के सूट न मागता राहिली, तर ती कॉफी पन्नास हजारांना पडली, असा हिशेब मांडता येतो. केदारखेड्यात तो मांडला जातो.

केदारखेडा हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले, जालना–भोकरदन रस्त्यावरचे पूर्णाकाठचे गाव. तेथे स्विस घड्याळांचा अधिकृत विक्रेता नाही आणि तो येणार असल्याची अफवाही नाही. घासाघिशीचे शिक्षण मात्र या भागात बालवाडीच्या आधीच सुरू होते. याच तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईला हिरव्या मिरचीचा मोठा बाजार भरतो आणि पुढच्या गाडीला लागलेला भाव मागच्या गाडीला लागेलच, असे तेथे कोणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. मोसंबीचा व्यापारी बागेत पाऊल टाकतो तोच टनामागे काही किलो सूट धरून. म्हणजे येथल्या माणसाने जन्मभर सूट दिलेली असते. ती घ्यायची पाळी आयुष्यात एकदा आली, तर तो सगळी थकबाकी एकाच दुकानातून वसूल करायला निघतो, यात नवल नाही.

या शिक्षणाचा सर्वांत वरचा वर्ग म्हणजे बैलबाजार. तेथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक एका रुमालाखाली किंवा उपरण्याखाली हात घालतात आणि बोटे दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसे उभी असतात, पण व्यवहार दोघांतच राहतो. घड्याळाच्या दालनातला विक्रेताही सूट कधी मोठ्याने उच्चारत नाही. तो कॅल्क्युलेटरवर आकडा दाबतो, कॅल्क्युलेटर ग्राहकाकडे फिरवतो आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तो दिसणार नाही इतपत हाताचा आडोसा धरतो. बैलबाजारातून आलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. तो कॅल्क्युलेटर घेतो, आपला आकडा दाबतो आणि परत करतो. दात बघू देत नाहीत, एवढाच फरक त्याला खटकतो.

सूट मागण्याआधी किंमत कशी बनते हे माहीत असलेले बरे. स्वित्झर्लंडहून आलेल्या घड्याळावर भारतात अनेक वर्षे २० टक्के मूळ सीमाशुल्क आणि त्या शुल्कावर १० टक्के अधिभार, म्हणजे एकूण २२ टक्के बसत आले. त्या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. शंभर रुपयांचा माल बंदरातून बाहेर पडेपर्यंत १४४ रुपयांचा व्हायचा आणि अजून दुकानदाराने त्यावरची धूळही झटकलेली नसायची. पाच लाख छापील किमतीच्या घड्याळात जीएसटीचेच ७६,२७१ रुपये असतात. त्यावर दहा टक्के सूट मिळाली आणि ती बिलावर दाखवली, तर पन्नास हजारांपैकी ४२,३७३ रुपये दुकानदाराचे जातात आणि ७,६२७ रुपये सरकारचे. सरकार घड्याळावर सूट देते ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नाही. सरकारनेही तिची जाहिरात केलेली नाही.

१० मार्च २०२४ रोजी भारताने स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिश्टेनश्टाइन या चार देशांशी व्यापार करार केला. तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून स्विस घड्याळांवरचे सीमाशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर यायचे आहे. त्यामुळे थांबून घेणारा एक वर्ग तयार झाला आहे. कापूस घरात भरून ठेवून भाव वाढायची वाट पाहणाऱ्याला भाव उतरायची वाट पाहणे अवघड जाऊ नये. पण दरम्यान स्विस फ्रँक महाग होतो, कंपन्या दरवर्षी किमती वाढवतात आणि शुल्कात वाचलेले तिकडे जाते. घरात ठेवलेल्या कापसाला निदान पिसवा तरी होतात. न घेतलेल्या घड्याळाने काहीच होत नाही.

सवलतीच्या दृष्टीने घड्याळांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातली घड्याळे दुकानात पडून असतात आणि ग्राहक येतो. दुसऱ्या वर्गात ग्राहक पडून असतो आणि घड्याळ येत नाही. सूट पहिल्या वर्गात मिळते. दुसऱ्या वर्गात रोलेक्सची काही पोलादी मॉडेले, पाटेक फिलिपची काही आणि अशीच आणखी मोजकी घड्याळे येतात. त्यांच्यासाठी नाव नोंदवावे लागते आणि नंतर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, फोनची वाट पाहावी लागते. रोलेक्सला घाई नसण्याचे एक कारण तिच्या मालकीत आहे. १९०५ साली लंडनमध्ये व्यवसाय सुरू करणाऱ्या हान्स विल्सडॉर्फने स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाकडे ही कंपनी त्याच्या मृत्यूनंतर, १९६० पासून आहे. शेअर बाजारात ती नाही. दर तिमाहीला विक्रीचा आकडा विचारणारा भागधारक नसल्यामुळे तिमाही संपताना कोणाची झोप उडत नाही आणि ज्याची झोप उडत नाही तो सूट देत नाही.

मराठी माणसाला ही प्रतीक्षायादी नवी नाही. पुण्याच्या बजाज कारखान्याच्या स्कूटरसाठी एके काळी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावले. मुलीच्या जन्माच्या वेळी नोंदवलेली स्कूटर तिच्या लग्नात जावयाला द्यायची, असा विनोद तेव्हा प्रचलित होता आणि तो निम्मा विनोद होता. १९६१ साली बंगळुरात जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने सुरू झालेल्या एचएमटीच्या घड्याळांनाही अशीच ओढ होती. त्या काळात सूट मागणारा माणूस दुकानदाराला खुळा वाटे. घड्याळ मिळाले हीच सूट.

दुसऱ्या वर्गातल्या घड्याळासाठी विक्रेता एक तोडगा काढतो, आणि येथे केदारखेड्याचा ग्राहक खऱ्या अर्थाने घरी आल्यासारखा होतो. हवे ते घड्याळ लवकर मिळायचे असेल, तर आधी दुकानाशी ‘नाते’ जोडावे, म्हणजे न खपणारी एक-दोन घड्याळे किंवा बायकोसाठी एखादे कर्णभूषण घ्यावे, असे सुचवले जाते. सुचवले जाते, लिहून कोणी देत नाही. पेरणीच्या तोंडावर युरिया किंवा डीएपी मागायला कृषी सेवा केंद्रात गेलेल्या शेतकऱ्याला त्यासोबत नको असलेले द्रवरूप खत, सूक्ष्म अन्नद्रव्याची पुडी किंवा संजीवकाची बाटली गळ्यात मारतात. या प्रकाराला सगळ्या महाराष्ट्रात लिंकिंग म्हणतात. लिंकिंग करू नये असे कृषी खाते दर हंगामात बजावते आणि दर हंगामात ते होते. जिनिव्हाच्या घड्याळवाल्यांनी ही रीत स्वतंत्रपणे शोधून काढली असावी. केदारखेड्याचा हक्क सिद्ध करता येत नाही. तरीही ज्याने दोन गोण्या खतासाठी सूक्ष्म अन्नद्रव्य घरी आणून गोठ्याच्या फळीवर ठेवले आहे, तो दालनात एकच प्रश्न विचारतो : “बाटली कोणती घ्यावी लागंल, तेवढं सांगा.”

सूट पाडण्याच्या पद्धतींत उठून जाणे ही सर्वांत जुनी. भाव ऐकून घ्यायचा, “जमत असंल तं सांगा, नायतर राहू द्या” म्हणायचे आणि दाराकडे चालू लागायचे. कापड दुकानात पायरी उतरायच्या आत हाक येते. घड्याळाच्या दालनात ती येत नाही, कारण दालनाचे दार जड, काचेचे आणि आपोआप बंद होणारे असते. हाक येते ती दोन दिवसांनी, फोनवर. म्हणून ही पद्धत वापरताना फोन नंबर लिहून देऊनच उठायचे असते. नंबर न देता रागाने निघून गेलेला माणूस जालन्यापर्यंत वाट पाहतो, वाटेत राजूरच्या गणपतीसमोर हात जोडतो आणि केदारखेड्याला रिकाम्या मनगटाने उतरतो.

दुसरी पद्धत नगदीची. बाजारात नगद मोजणाऱ्याचा शब्द वजनदार असतो. येथे मात्र १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्याने एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला मनाई केली आहे. घेतली तर जेवढी रक्कम तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्याला. आज पावणेदोन लाख आणि उद्या पावणेदोन लाख हा उपायही व्यवहार एकच असल्याने चालत नाही. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या घड्याळावर दुकानदार एक टक्का करही वसूल करून सरकारजमा करतो. तो विवरणपत्र भरून परत मिळवता येतो. ज्याचे उत्पन्न शेतीचे आणि म्हणून करमुक्त, त्याने जन्मात विवरणपत्र भरलेले नसते. थोडक्यात, पिशवीतून नोटा काढून टेबलावर ठेवल्या की पूर्वी दुकानदार खुर्ची पुढे ओढायचा. आता मागे सारतो.

तिसरी पद्धत सामुदायिक. मराठवाड्यात लग्नाचा बस्ता एका माणसाने बांधत नाहीत. जीपभर माणसे जातात, दिवस मोडतात आणि शेवटी बिलात जे तुटत नाही ते वरून टोपी-टॉवेलच्या रूपाने काढून घेतात. या पद्धतीचा सर्वांत गाजलेला प्रयोग ऑक्टोबर २०१० मध्ये केदारखेड्याहून दीड-दोन तासांवरच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात झाला. तेथल्या उद्योजक, डॉक्टर, बिल्डर मंडळींनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या दीडशे मर्सिडीज एकगठ्ठा घेतल्या. एकट्याने गेले असते तर चकचकीत माहितीपत्रक मिळाले असते. दीडशे जण गेल्यावर किंमत खाली आली आणि स्टेट बँकेने ७ टक्के दराने कर्जही दिले. त्याच सुमारास ट्रॅक्टरच्या कर्जाचा दर यापेक्षा कितीतरी चढा होता, याकडे पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात लक्ष वेधले. ट्रॅक्टर घेणारा बँकेत एकटा जातो. शिवाय तो ट्रॅक्टर घेतल्यावाचून राहू शकत नाही, हे बँकेला त्याच्यापेक्षा आधी कळलेले असते.

घड्याळांत दीडशेचा जथा चालत नाही, कारण दुकानात एका मॉडेलचे एक किंवा दोनच नग असतात. तीन-चारांचा मात्र चालतो. नवरदेव, नवरी आणि एखादा रुसलेला मेहुणा अशी तीन घड्याळे एकाच बिलात घेतली, तर सूट एकेक घेण्यापेक्षा सरसच पडते. तरीही विक्रेता एका टक्क्यावर अडून बसला, तर वरून मागायचे : जादा चामडी पट्टा, पहिली सर्व्हिसिंग, भिंतीवरचे घड्याळ. भिंतीवरच्या घड्याळाची मागणी प्रतिष्ठित दालनात थोडी खळबळ उडवते, पण पट्टा बहुधा मिळतो.

चौथी पद्धत मार्चएंडची आणि जाणकारांच्या मते सर्वांत भरवशाची. पीककर्जाचे नवे-जुने करताना ३१ मार्चची धास्ती शेतकऱ्याला असते; दालनाच्या व्यवस्थापकालाही ती असते, विक्रीच्या उद्दिष्टापायी. महिनाअखेरीस, तिमाहीच्या अखेरीस आणि वर्षाच्या अखेरीस तोच कॅल्क्युलेटर अधिक नरम आकडे दाखवतो. ज्या मॉडेलची नवी आवृत्ती आली आहे, त्याच्या जुन्या नगाबद्दल विचारले तर आणखी नरम. सोन्याच्या, विचित्र रंगाच्या किंवा फार मोठ्या आकाराच्या घड्याळांवर सूट जास्त मिळते. त्याचे कारण उघड आहे आणि ते पुढे विकताना पुन्हा भेटते : दुकानात जे सहज खपले नाही, ते घरातूनही सहज खपत नाही. वीस टक्के सूट मिळवून गावभर सांगितलेले घड्याळ दोन वर्षांनी मोडायला नेले की घेणारा पहिल्यांदा ते वीस टक्के वजा करतो आणि मग बोलायला सुरुवात करतो.

अनधिकृत दुकानातली सूट अधिकृत दुकानापेक्षा मोठी असते, पण तेथे कंपनीची हमी बहुधा नसते, दुकानाची असते. दुबईहून आणलेल्या घड्याळाला विमानतळावर सीमाशुल्क आडवे येते; नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई विमानतळावर एका भारतीय क्रिकेटपटूच्या घड्याळाची किंमत पाच कोटी की दीड कोटी, यावर देशभर चर्चा झाली. मनगटावर बांधून आणले म्हणजे ते जुने झाले, हा समज कस्टमच्या अधिकाऱ्यांत आढळत नाही.

सौदा जमल्यावर मिठी मारण्याची गरज नाही. बिलावर सूट वेगळ्या ओळीत दाखवली आहे का, घड्याळाच्या पाठीवरचा किंवा कडेचा क्रमांक बिलावर आणि हमीपत्रावर तोच आहे का, हमीपत्रावर खरेदीची तारीख आणि अधिकृत विक्रेत्याचे नाव पडले आहे का, एवढे दालनातल्या खुर्चीवर बसूनच तपासून घ्यावे. भोकरदनची गाडी सुटली तरी चालेल.