आमचं काही प्रेशर नाही

मुलांच्या करिअरवरून पूर्वी घरात रीतसर आरडाओरडा व्हायचा. बाप पट्टा काढायचा, आई पदराने डोळे पुसायची, पोरगं रात्रीच्या एसटीने मुंबईला पळून जायचं आणि पुढे यथावकाश त्याचं आत्मचरित्र यायचं. नोप्रेशररावांनी ही परंपराच मोडीत काढली. ते मुलांना कशालाही नाही म्हणत नाहीत. बारावीच्या निकालाचे पेढे पुढे करतानाच ते पाहुण्यांना सांगून टाकतात, "तिला जे करायचंय ते करू दे. आमचं काही प्रेशर नाही." हे ते इतक्यांदा सांगतात की ऐकणाऱ्याचं प्रेशर वाढतं.

नोप्रेशरराव गावोगाव आहेत. ठाण्यात आहेत, अमरावतीत आहेत, लातुरात तर गल्लीला दोन. माझ्या ओळखीचे सांगलीचे, विश्रामबागेतले. सांगलीत हा नमुना विशेष खुलतो, त्याला कारण आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं ते सांगलीत, म्हणून हे गाव नाट्यपंढरी. आणि १९८३ साली मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडून दिलं ते वसंतदादा पाटीलही सांगलीचेच. मराठी माणसाच्या घरातलं हे भांडण दोन्ही बाजूंनी सांगलीनेच लावून दिलंय म्हणा ना! नोप्रेशरराव दोन्ही परंपरांचे सच्चे पाईक. नाटक बघायचं, इंजिनिअरिंग करायचं, एवढी साधी वाटणी त्यांनी करून ठेवली आहे.

दर ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, भावे गौरवपदकाच्या समारंभाला ते इस्त्रीचा झब्बा घालून पुढच्या रांगेत असतात. पदक घेणारा कलावंत भाषणात "घरच्यांचा विरोध पत्करून मी या क्षेत्रात आलो" म्हणाला, की पहिली टाळी यांची.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीने बारावी सायन्स झाल्यावर जाहीर केलं, की मला पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक शिकायचंय. नोप्रेशररावांचा चेहरा उजळला. "वा! छानच की! आणि शिकायला काय घेणार?"

"पप्पा, तेच शिकायला."

"ते गं झालंच. पण डिग्री कशातली?"

"त्यातलीच. बीए."

मग ते शांतपणे सोफ्यावर बसले आणि त्यांनी ती सुप्रसिद्ध यादी काढली. डॉ. श्रीराम लागू, कान-नाक-घशाचे सर्जन. डॉ. काशिनाथ घाणेकर, दातांचे डॉक्टर. डॉ. जब्बार पटेल, बालरोगतज्ज्ञ. डॉ. मोहन आगाशे, मानसोपचारतज्ज्ञ. "आपली रंगभूमी म्हणजे चांगलं मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटल आहे, बाळा. तिथे नुसत्या बीएला आत घेतील का?" पु. ल. देशपांडे एलएल. बी. होते. आपल्या हरिपूरचे देवल मास्तरकी करत होते, खाडिलकर 'केसरी'त संपादक होते. म्हणजे ज्याने ज्याने नाटकात नाव काढलं, त्याने पोटापाण्याचं आधी बघितलं, हा सिद्धान्त. बालगंधर्वांचं नाव यादीत नसतं. कोणी काढलंच तर नोप्रेशरराव आवाज खाली आणून म्हणतात, "कर्ज किती झालं होतं, माहितेय ना?"

पोरगी त्यांचीच. तिनेही वाचलेलं होतं. "पप्पा, लागूंनी १९६९ साली डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नाटक धरलं."

"सोडायला आधी असावी लागते ना!" नोप्रेशरराव म्हणाले. यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

इंजिनिअरिंगच्या सीईटीला ती बसली होतीच. "देऊन ठेव, काय जातंय?" या तत्त्वावर या घरात बऱ्याच गोष्टी होतात. आता कॅप राउंडचा फॉर्मही त्याच तत्त्वावर निघाला. आईने मध्यस्थी केली, "एवढं म्हणतायत तर भर की. फॉर्म भरला म्हणजे लग्न लागलं असं होतं का?" डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर, जातीची व्हॅलिडिटी यांची प्लास्टिकची फाइल पोरगी दहावीत असल्यापासून कपाटात तयार होती. कुठल्या कॉलेजला कुठली ब्रँच किती पर्सेंटाइलला बंद झाली, याचे मागच्या तीन वर्षांचे आकडे नोप्रेशररावांना तोंडपाठ. पुण्याच्या सीओईपीला ते नावाने ओळखतच नाहीत. "सहा हजार सहाला कॉम्प्युटर अवघड आहे, पण वालचंदला बसेल," असं ते कॉलेजच्या कोडमध्ये बोलतात. मात्र पसंतीक्रम लावताना त्यांनी माउस मुलीच्या हातात दिला. नंतर मला अभिमानाने सांगितलं, "कॉम्प्युटर आधी की आयटी आधी, मी एका शब्दाने बोललो नाही. संपूर्ण निर्णय तिचा."

पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली. नियम असा, की पहिली पसंती मिळाली तर तीच घ्यायची, पुढच्या फेऱ्यांची वाट बंद. नोप्रेशररावांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "बघ. आता सरकारही म्हणतंय, तुझी पहिली पसंती हीच होती."

तरीही हा माणूस खलनायक नाही, हीच त्याच्यावर लिहिण्यातली अडचण. ते स्वतः सरकारी वीज कंपनीत अभियंता आहेत आणि कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धेत त्यांनी वर्षानुवर्षं हवालदार केलाय. त्यांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांत भारी काम करणारा एक मित्र होता. तो नोकरी सोडून मुंबईला गेला. अधूनमधून मालिकेत दिसतो, बहुधा मयताच्या गर्दीत. नोप्रेशरराव तेवढ्यासाठी ती मालिका बघतात आणि महिनाअखेरीला त्याला थोडे पैसे पाठवतात, घरी कळू न देता. हवालदाराला दरमहा एक तारखेला पगार मिळतो आणि नायकाला हवालदार पैसे पाठवतो, हा हिशोब त्यांनी फार जवळून पाहिलाय. मुलीला अभिनय जमत नसता तर त्यांनी तिला खुशाल जाऊ दिलं असतं, वर्षभरात परत आली असती. पण तिला जमतो. शाळेच्या गॅदरिंगला तिचं काम बघून ते अंधारात नाक शिंकरत होते, हे मी शेजारच्या खुर्चीवरून पाहिलं आहे.

आता ती कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या एकांकिकेत रात्री अकरापर्यंत तालमी करते. डबा घेऊन जायचं काम नोप्रेशररावांचं. आल्यासारखं तालीम संपेपर्यंत थांबतात, कधी एखाद्या पोराचा उच्चार दुरुस्त करतात, प्रॉपर्टी कमी पडली तर घरचा स्टूल आणून देतात. एकांकिकेला बक्षीस मिळालं, तेव्हा म्हणाले, "इंजिनिअरिंगने शिस्त लागते, ती अशी कामाला येते." सेमिस्टरला दोन विषय राहिले, तेव्हा म्हणाले, "नाटकामुळे राहिले." पुढे ती पुण्याच्या आयटी कंपनीत लागली तर हे बरोबर होते, नोकरी सोडून रंगमंचावर गेली आणि तिला भावे पदक मिळालं, तर "आम्ही कधी प्रेशर दिलं नाही" हे त्या वेळी पहिल्या रांगेतून सांगायला मोकळे. या माणसाला हरवायचं कसं, हे आजवर कुठल्याच पोराला समजलेलं नाही.

परवा नोप्रेशररावांना आणि मला आमच्या बिल्डिंगमधले बर्वे जिन्यात भेटले. मुलाला मेकॅनिकल मिळालं म्हणून पेढे वाटत होते. पोरगा तबला उत्तम वाजवतो. नोप्रेशररावांनी पेढा घेतला, पण त्यांचा चेहरा पडला.

"मेकॅनिकल?" ते म्हणाले. "अहो, हात बघा त्याचा! चांगल्या गुरूकडे पाठवायचं, तबल्यात करिअर करू द्यायचं. बर्वे, रागावू नका, पण तुम्ही लोक ना, मुलांवर फार प्रेशर आणता."